डबा बदलण्यापूर्वीं



आजच्या भाषणाचा विषय अगदीं घरगुती आहे, आणि ज्या घरांत तान्हें मूल नाहीं त्या घराला तो कंटाळवाणा वाटण्याचाही संभव आहे. बाळाला डब्याचें दूध देण्याची पाळी आली, एका कंपनीचें दूध सुरू झालें, आणि मग कांहीं कारणानें तें बदलून दुसऱ्या कंपनीचें द्यावें काय, आणि द्यावयाचें तर कसें, एवढाच हा प्रश्न. मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि पुढें सारा जन्म मुलांना गणित व भाषा शिकवीत आलेला एक निवृत्त मास्तर आहें. तरीही हा विषय मीं मागून घेतला. कारण या प्रश्नांत औषधाचा भाग थोडा असून वाचनाचा आणि हिशेबाचा भाग मोठा आहे, आणि तो भाग आमच्या धंद्याचा आहे.

आमचें मेहरूण आतां जळगांव शहराचाच एक भाग होऊन गेलें आहे. बाहेरच्या लोकांना त्याची ओळख बोरांमुळें आणि तलावामुळें. त्या तलावाच्या कांठीं सकाळीं फिरावयास येणाऱ्या आम्हां पेन्शनर मंडळींत राजकारणाच्या खालोखाल बोलणें चालतें तें नातवंडांचें. कुणाचें नातवंड पुण्यास, कुणाचें मस्कतला, कुणाचें अमेरिकेंत. त्या बोलण्यांत एक वाक्य वारंवार कानीं येतें: "दूध मानवत नव्हतें, म्हणून सूनबाईनें डबा बदलला." आठ दिवसांनीं पुन्हां तेंच गृहस्थ सांगतात, "तोही मानवला नाहीं. आतां तिसरा आणला आहे." दूध न मानवणें हा आपल्या भाषेंतला मोठा सोयीचा शब्दप्रयोग आहे. बाळ रडलें तरी तो चालतो, ओकलें तरी चालतो, आणि झोपलें नाहीं तरी चालतो.

आईच्या दुधाविषयीं प्रथम दोन शब्द बोलून टाकतों, कारण तें टाळून हा विषय बोलणें बरें नव्हे. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज कांहीं नको, पाणीसुद्धां नको. हें आतां जगभर मान्य झालेलें आहे. डब्याचा विचार करणाऱ्या पुष्कळ घरांत खरोखर दूध आटलेलें नसतें. आटलें अशी भीति असते. बाळाला वरचेवर अंगाला लावल्यानें आणि जाणत्या परिचारिकेच्या मदतीनें थांबलेलें दूधही कित्येकदां परत येतें. मुंबईंत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं मातृदुग्धपेढी सुरू केली. अशी पेढी आशिया खंडांत ती पहिलीच. आजारी आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दुसऱ्या मातांनीं दिलेलें दूध तेथें मिळूं लागलें. परंतु पेढी सर्वत्र नाहीं, आणि आजारपणामुळें किंवा आणखी कशामुळें ज्या आईला दूध पाजतां येत नाहीं तिला सासरच्या टोमण्यांनीं दूध येत नाहीं. अशा घरीं डबा येतो. तो आल्यावर त्याची लाज बाळगूं नये. मात्र त्यावरचें अक्षर न् अक्षर वाचावें.

डब्यांत असतें तरी काय? मुळांत तें गाईचें किंवा म्हशीचेंच दूध. पण निसर्गानें तें वासरा-रेडकांसाठीं केलेलें आहे. वासराचें जन्मवजन दीड-पावणेदोन महिन्यांत दुप्पट होतें. माणसाच्या मुलाला त्याच कामाला सुमारें पांच महिने लागतात. घाईनें वाढणाऱ्या प्राण्याचें दूध त्या मानानें दाट. गाईच्या दुधांत आईच्या दुधाच्या सुमारें तिप्पट प्रथिनें असतात, म्हशीच्या दुधांत त्याहूनही अधिक, आणि क्षारही तसेच. तान्ह्या बाळाच्या मूत्रपिंडांना हा भार झेपत नाहीं. म्हणून कारखान्यांत प्रथिनें व क्षार कमी करतात, दुग्धशर्करा वाढवितात, लोण्याच्या जागीं बहुधा वनस्पतींचीं तेलें घालतात, लोह व जीवनसत्त्वें मिसळतात, आणि मग त्याची भुकटी करतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लिबिग यानें १८६५ च्या सुमारास असें बालान्न सुचविलें, आणि १८६७ सालीं स्वित्झर्लंडांतील व्हेव्हे गांवीं हेन्री नेस्ले यानें आपलें बालान्न बाजारांत आणलें. आपल्याकडे इंग्रजी अमदानींत ग्लॅक्सोचे डबे आले. आमच्या आजोळच्या फडताळांत त्या रिकाम्या डब्यांतून हिंग, हळद आणि सुपारी नांदत असे. तें दूध कोणत्या मामानें प्यायलें होतें, हें मात्र कुणालाच सांगतां येत नसे.

म्हशीच्या दुधाची भुकटी होणेंच शक्य नाहीं, असें युरोपांतले जाणकार एके काळीं म्हणत. आणंदच्या सहकारी संघांत हरिचंद दलाया यांनीं ती करून दाखविली, आणि १९५५ सालीं तेथें भुकटीचा कारखाना उभा राहिला. पुढें म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनें म्हशीच्या दुधापासून बालान्न करण्याची रीत बसविली, आणि १९६० च्या सुमारास आणंदचें बालदूध देशाच्या बाजारांत दिसूं लागलें. ज्या मुलखांत गोठ्यागोठ्यांतून म्हशीच अधिक, त्या मुलखाला ही गोष्ट लहान नव्हती.

हा इतिहास सांगण्याचें कारण इतकेंच कीं, डबे निराळे, रंग निराळे, नांवें निराळीं असलीं तरी पहिल्या सहा महिन्यांच्या साध्या दुधाचा सांगाडा एकच आहे. कोडेक्स नांवाच्या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेंत त्याचें मानक १९८१ पासून आहे. आपल्या देशांत भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०२० सालचे नियम आहेत. संहितेप्रमाणें तयार दुधाच्या १०० मिलिलिटरमध्यें ६० ते ७० किलोकॅलरी इतकी उष्णता असली पाहिजे. प्रथिनें किती, लोह किती, जीवनसत्त्वें किती, याच्याही मर्यादा आंखून दिलेल्या आहेत. एकाच अभ्यासक्रमाचीं पुस्तकें दोन प्रकाशकांनीं छापावीं, तसा हा प्रकार. कागद निराळा, बांधणी निराळी, किंमतींत तर पुष्कळच फरक. परंतु धडे तेच.

याची परीक्षा कुणीं मुद्दाम घेतली नव्हती. ती २०२२ सालीं अमेरिकेंत आपोआप घडून आली. मिशिगन प्रांतांत स्टर्जिस येथें बालदुधाचा एक फार मोठा कारखाना आहे. कांहीं आजारी बाळांच्या चौकशीनंतर आणि कारखान्यांत रोगजंतु सांपडल्यावर फेब्रुवारींत त्याचें काम थांबलें. अमेरिकेंतलें हें दूध मोजक्याच कंपन्यांच्या हातीं असल्यानें पाहतां पाहतां दुकानांतलीं फळ्याच्या फळ्या रिकामीं झालीं. मे महिन्यांत तर सरकारला जर्मनीहून लष्करी विमानानें दूध आणावें लागलें. त्या महिन्यांत आमच्या तलावावरच्या मंडळींतल्या दोघांना परदेशांतून रोज फोन येत, आणि एका गृहस्थांनीं तर येथून डबे पाठविण्याची तयारी चालविली होती. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें तेव्हां पालकांना जो सल्ला दिला, तो आजच्या विषयाचें सारच आहे. साध्या दुधावर असलेल्या बहुतेक बाळांना जें साधें दूध मिळेल तें द्यावें, कंपनीचा आग्रह धरूं नये. मात्र दूध पुरवावें म्हणून त्यांत पाणी वाढवूं नये, आणि घरीं करून पाजूं नये. खरी अडचण झाली ती ज्यांना आजारामुळें खास प्रकारचें दूध लागतें त्या थोड्या बाळांची. विमानानें प्रथम आणलें तें त्यांच्याकरितां.

तेव्हां साधा डबा सोडून दुसरा साधा डबा घेतल्यानें सहसा अपाय होत नाहीं. पण सहसा उपायही होत नाहीं, हें त्याचें दुसरें अंग आहे, आणि तें मान्य करावयास लोक नाखूष असतात. "अहो, आमच्या बाळाला गुण आला ना!" असें म्हणतात. गुण आला हें खरें; तो कशानें आला हें पहावें.

निरोगी बाळाचें रडणें जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातें, सहाव्या आठवड्याच्या सुमारास तें शिगेला पोंचतें, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत आपोआप उतरतें. आईच्या दुधावरचें बाळही असेंच रडतें. दुधाची गुळणी टाकण्याचेंही तसेंच. ती कांहीं महिने वाढते आणि वर्षाच्या आंत बहुतेकांची थांबते. आतां पाहा, पांचव्या आठवड्यांत पहिला डबा, सहाव्यांत दुसरा, सातव्यांत तिसरा. आठव्यापासून रडें उतरावयाचेंच होतें. घरांत त्या वेळीं जो डबा असेल त्याला श्रेय मिळालें. शाळेंत आम्ही हें पुष्कळ पाहिलें आहे. सातवींत अडखळणारा मुलगा आठवींत वयानेंच उमजूं लागतो, आणि नांव होतें तें नव्या शिकवणीच्या मास्तरांचें.

शीचा रंग हेंही असेंच एक भीतीचें कारण. डबा बदलल्यावर ती कांहीं दिवस हिरवट होते, घट्ट होते किंवा वास बदलतो. दुधांतलें लोह आणि तेलें बदललीं कीं असें होणारच. बाळ नीट पीत असेल, लघवी स्वच्छ होत असेल आणि वजन चढत असेल, तर या रंगासाठीं पुन्हां डबा बदलण्याचें कारण नाहीं. नव्या दुधाला आठवडाभर तरी अवधि द्यावा.

आतां मेहरूणमध्येंच माझ्या डोळ्यांदेखत घडलेली एक हकीकत सांगतों. नांवें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. मागें एका डिसेंबरांत, बोरांचा हंगाम नुकताच सुरू झालेला असतां, आमच्या शेजारचा मुलगा बायको आणि चार महिन्यांची मुलगी यांना घेऊन अमेरिकेहून आला. नात प्रथमच घरीं आलेली. घरांत सण होता. मुलगी जन्मापासून डब्याच्या दुधावर. बरोबर आणलेला अमेरिकन डबा आठ दिवसांत संपला. तेव्हां जळगांवच्या दुकानांतून येथला एक चांगल्या नांवाचा डबा आणला.

दुसऱ्याच दिवशीं मुलगी रडूं लागली. बाटली संपवी आणि पुन्हां रडे. आजी म्हणाल्या, थंडी बाधली. कुणी म्हणालें, दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओंवाळून झाल्या. सूनबाईच्या मनानें घेतलें कीं येथलें दूधच भेसळीचें. दुकानदारानें दुसरा, अधिक महाग डबा पुढें केला. तोही दोन दिवसांत 'मानवला नाहीं.' लंगोट मात्र पुन्हां पुन्हां ओले होत, म्हणून पाणी कमी पडत असेल अशी शंका कुणालाच आली नाहीं. पांचव्या दिवशीं तिचें रडणें कमी झालें. घरांतल्यांना हायसें वाटलें. पण तें हायसें वाटण्यासारखें नव्हतें. पोरगी मलूल झाली होती, हांक मारली तरी नीट पाहत नव्हती.

"गुरुजी, जरा बरोबर चला," म्हणून शेजाऱ्यांनीं मला बोलाविलें आणि आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलों. डॉक्टरांनीं वजन घेतलें. निघण्यापूर्वीं अमेरिकेंत घेतलेल्या वजनाहून तें कमी भरलें. तपासून झाल्यावर ते औषध लिहितील अशी आमची अपेक्षा. पण ते आईला म्हणाले, "ताई, घरीं करतां तशीच बाटली माझ्यासमोर करून दाखवा." तिनें १२० मिलिलिटर पाणी घेतलें, त्यांत मोजून दोन चमचे भुकटी घातली, चमच्यावरची रास सुरीनें सपाट करावयालाही ती विसरली नाहीं. डॉक्टरांनीं डबा उचलून तिच्यापुढें धरला. त्यावर लिहिलें होतें: १२० मिलिलिटरला चार चमचे.

दोष कुणाचा म्हणावयाचा? अमेरिकेंतल्या पुष्कळशा डब्यांतला चमचा मोठा असतो. त्यांत पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास भुकटी मावते आणि तो दोन औंसांना, म्हणजे साठ मिलिलिटर पाण्याला एक घालावयाचा असतो. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांतला चमचा साडेचार ग्रॅमच्या आसपासचा. तो तीस मिलिलिटरला एक. चार महिने दिवसांतून सहा-सात वेळां एकच कृति केलेल्या आईच्या हाताला 'साठाला एक' हें पाठ झालें होतें. डबा बदलला, चमचा बदलला. हात जुनाच राहिला. साधें त्रैराशिक आहे. १२० मिलिलिटरला हवी होती सुमारें अठरा ग्रॅम भुकटी, पडत होती नऊ ग्रॅम. सहा किलो वजनाच्या बाळाला दिवसाला, किलोला दीडशें या हिशेबानें, नऊशें मिलिलिटर दूध लागतें. मुलगी नऊशें पीत होती. पण तिच्या पोटांत पोषण जात होतें तें साडेचारशें मिलिलिटरचें, बाकीचें नुसतें पाणी. महाग डबा आणूनही फरक पडला नाहीं, कारण त्यांतला चमचाही तीसचाच होता.

नुसती उपासमार एवढाच त्यांतला धोका नव्हे. तान्ह्या बाळाच्या पोटांत पाणी फार आणि क्षार थोडे गेले म्हणजे रक्तांतलें सोडियम, साध्या भाषेंत मिठाचें प्रमाण, उतरतें. मग बाळ सुस्त होतें, आणि फारच उतरलें तर त्याला आंकडी येते. या मुलीचें रक्त तपासलें तेव्हां तें थोडें उतरलेलेंच निघालें. एक रात्र तिला रुग्णालयांत ठेवावें लागलें. त्या रात्रीं बाहेरच्या बांकावर तिचा बाप माझ्याशेजारीं बसला होता. अभियंता माणूस, तो कितीदां तरी तेंच म्हणे, "काका, मी रोज यंत्रांचीं मापें तपासतों हो." त्याला मीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. सकाळीं मुलीनें नीट मापाचें दूध घेतलें, आणि पुढच्या आठ दिवसांत वजन भरून आलें. दूध तेंच, ज्याला भेसळीचें म्हटलें होतें तें.

अमेरिकेहून न आलेल्या घरांतही मापाची ही चूक होते, फक्त तिचे प्रकार निराळे. जुन्या डब्यांतला चमचा हाताला सोयीचा म्हणून नव्या डब्यांत टाकतात. कुणी चहाच्या चमच्यानेंच मोजतात. कुणी भुकटी दाबून भरतात, कुणी रास ठेवतात. डबा महाग, महिना मोठा, म्हणून एखादी आजी हात राखून घालते. तर दुसरी एखादी, नातू गुटगुटीत व्हावा म्हणून एक चमचा जास्त. ही दुसरी माया पहिल्या काटकसरीइतकीच वाईट. दूध दाट झालें कीं बद्धकोष्ठ होतो, बाळाच्या अंगांतलें पाणी ओढलें जातें, रक्तांत क्षार सांचतात; आणि आपल्या खानदेशांतल्या उन्हाळ्यांत, जेव्हां पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो, तेव्हां ही गोष्ट भलत्या थराला जाऊं शकते. म्हणून "दूध मानवत नाहीं" असें वाटलें कीं प्रथम घरांतल्या ज्या ज्या माणसानें बाटली केली असेल त्या प्रत्येकाला ती आपल्यासमोर पुन्हां करावयास सांगावी. दोन माणसांच्या दोन रीति निघतात, हा माझा अनुभव आहे.

पाणी आधीं मोजावें आणि भुकटी मागून घालावी. उलट केलें तर पाणी कमी बसतें. पाणी उकळलेलें हवें, हें सर्वांना माहीत असतें. भुकटी मात्र निर्जंतुक नसते, हें पुष्कळांना माहीत नसतें. स्टर्जिसच्या कारखान्यांत सांपडलेला क्रोनोबॅक्टर नांवाचा जंतु कोरड्या भुकटींतही तग धरून राहतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा कीं, उकळलेलें पाणी ७० अंशांच्या खालीं जाण्यापूर्वीं त्यांत भुकटी मिसळावी, आणि मग भांडें थंड पाण्यांत धरून दूध कोमट करावें. अपुऱ्या दिवसांच्या किंवा दोन महिन्यांच्या आंतल्या बाळाकरितां हें विशेष पाळावें. मनगटावर थेंब टाकून पाहिल्याखेरीज पाजूं नये. उरलेलें उष्टें दूध पुढच्या वेळेसाठीं ठेवूं नये. आणि बाटलीपेक्षां वाटी-चमचा किंवा आपलें जुनें बोंडलें बरें. तीं घासावयास सोपीं, त्यांना सांदीकोपरे नाहींत.

डबा खरोखर बदलावाच लागतो असे प्रसंगही आहेत. कांहीं थोड्या बाळांना, शंभरांत दोन-तीन, गाईच्या दुधांतलीं प्रथिनेंच सोसत नाहींत. शींत रक्त दिसतें, अंगावर गांधी उठतात, खरूज-इसबासारखें पुरळ हटत नाहीं, सारख्या उलट्या होतात, वजन चढत नाहीं. अशा बाळाला एका साध्या डब्यावरून दुसऱ्या साध्या डब्यावर नेऊन उपयोग नाहीं, कारण प्रथिनें दोन्हींत तींच. म्हशीचें किंवा शेळीचें दूध पाजूनही उपयोग नाहीं. शेळीचें दूध हलकें म्हणून देणारे पुष्कळ आहेत, पण त्या प्रथिनांचें गाईच्या प्रथिनांशीं इतकें साम्य असतें कीं बाळाचें शरीर सहसा फसत नाहीं. अशा वेळीं प्रथिनें फोडून बारीक केलेलें खास दूध डॉक्टर सांगतात. तें महाग असतें, चवीला कडवट असतें, आणि दुकानदाराच्या सल्ल्यानें घ्यावयाचें नसतें. जुलाबाच्या मोठ्या आजारानंतर कांहीं दिवस दुग्धशर्करा पचेनाशी होते. तेथेंही निर्णय डॉक्टरांचा, आणि तो बदलही थोड्या दिवसांचा. असें खास दूध चालू असेल तर तें परस्पर बंद करून साध्यावर येऊं नये.

डब्यावरचा आंकडाही पाहावा. एक क्रमांकाचें दूध पहिल्या सहा महिन्यांचें, दोन क्रमांकाचें त्यापुढचें. बाळ भुकेलें राहतें म्हणून चौथ्या महिन्यांतच दोन क्रमांक सुरू करणें म्हणजे मुलाला दोन इयत्ता चढवून बसविणें होय.

आणि कांहीं खुणा अशा आहेत कीं त्या दिसल्यावर डब्याची चर्चा करीत बसण्यांत वेळ जातो. तीन महिन्यांच्या आंतल्या बाळाला ताप, हिरवी उलटी, शींत रक्त, दिवसभरांत लघवी अगदीं थोडी, टाळू खोल गेलेली, बाळ मलूल किंवा पिईनासें झालेलें. यांपैकीं एकही दिसली तर त्याच वेळीं रुग्णालय गांठावें, आणि जातांना चालू डबा व त्यांतला चमचा बरोबर न्यावा.

कोणता डबा घ्यावा असें मला नेहमीं विचारतात. मी नांव सांगत नाहीं, आणि दुकानदारानेंही सांगूं नये. सिंगापूरच्या रोटरी क्लबापुढें १९३९ सालीं डॉ. सिसिली विल्यम्स या बाईंनीं 'दूध आणि खून' अशा अर्थाच्या मथळ्याचें भाषण केलें होतें. गोड घट्ट दुधाचे डबे बालान्न म्हणून खपविणाऱ्यांवर त्यांचा रोख होता. त्यानंतर बेचाळीस वर्षांनीं, १९८१ सालीं, जागतिक आरोग्य परिषदेनें अशा विक्रीला आळा घालणारी संहिता मंजूर केली. तिला एकट्या अमेरिकेनें विरोध केला. आपल्या संसदेनें १९९२ सालीं त्याकरितां कायदा केला आणि २००३ सालीं तो अधिक कडक केला. त्या कायद्यानें दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दुधाची, अन्नाची आणि बाटल्यांची जाहिरात करतां येत नाहीं. आयांना फुकट नमुने देतां येत नाहींत. डॉक्टर-परिचारिकांना त्यासाठीं भेटी देतां येत नाहींत. डब्यावर बाळाचें किंवा बाईचें चित्र छापतां येत नाहीं. 'मातेच्या दुधासारखें केलेलें' अशा अर्थाचे इंग्रजी शब्दसुद्धां त्यानें डब्यावरून हद्दपार केले आहेत. एक भाषाशिक्षक या नात्यानें मला हें कलम फार आवडतें. तेव्हां जो साधा डबा नियमानें बनलेला आहे, ज्याची मुदत संपलेली नाहीं, जो आपल्या गांवीं बाराही महिने मिळतो आणि ज्याची किंमत पुढच्या महिन्यांतही झेपेल, तो घ्यावा. किंमतीमुळें बदलावें लागलें तर त्यांत कमीपणा नाहीं. झेपत नाहीं म्हणून महाग दूध पातळ करून पाजण्यापेक्षां स्वस्त दूध पुऱ्या मापानें पाजणें कितीतरी शहाणपणाचें.

बदलावयाचें ठरलें तर एकदम बदललें तरी बहुतेक बाळांना चालतें. मन होत नसेल तर आधीं दिवसांतून एक वेळ नवें, दोन दिवसांनीं दोन वेळ, असें आठवड्याभरांत आणावें. मात्र दोन भुकट्या एका बाटलींत मिसळूं नयेत. दोन चमच्यांचा हिशेब तेथें कुणालाच लागत नाहीं. बदल बाळ बरें असतांना करावा. प्रवासांत किंवा लस टोंचल्याच्या दिवशीं करूं नये, नाहींतर ताप कशाचा तें कळावयाचें नाहीं. नव्या डब्यावरची कृति घरांतल्या एकानें मोठ्यानें वाचावी आणि बाटली करणाऱ्या सर्वांनीं ती ऐकावी. किती पाण्याला किती चमचे, हें मोठ्या मराठी अक्षरांत कागदावर लिहून तो ओट्याच्या वर चिकटवावा. झाकणावर डबा उघडल्याची तारीख पेन्सिलीनें घालावी. डबा उघडल्यावर किती दिवस चालेल तें त्यावरच छापलेलें असतें, आणि तें बहुधा तीन-चार आठवड्यांहून अधिक नसतें. त्याच कागदावर दर आठवड्याचें वजन टिपीत जावें.

आणि जुना डबा संपला कीं त्यांतला चमचा त्याच दिवशीं साखरेच्या नाहींतर रव्याच्या डब्यांत टाकून द्यावा. बाळाच्या दुधाच्या ओट्यावर तो पुन्हां दिसूं नये.